सिमेंटच्या खाली पुन्हा कीड! दोन-तीन औषधं एकत्र घालून थांबवता येते का?

गराडूप्रेमी | सोमवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. निमित्त माझी डावीकडची खालची दाढ. तीन वर्षांपूर्वी तिच्यात दाताच्या रंगाचं सिमेंट भरून घेतलं होतं. "आता दहा वर्षं बघायला नको," असं तेव्हा ऐकलं होतं. गेल्या महिन्यापासून त्या दाढेच्या आणि तिच्या शेजारणीच्या फटीत पोह्यातली बडीशेप अडकायला लागली (इंदुरी पोह्यात बडीशेप असतेच, बाहेरच्यांसाठी सांगते). दातांच्या फटीत फिरवायचा दोरा (फ्लॉस) घातला की बरोबर एकाच जागी तंतू फाटून यायचे. मी दोऱ्याला शिव्या घातल्या, कंपनी बदलली, तरी तेच.

शेवटी परवा एक्स-रे काढला. सिमेंट पांढरंशुभ्र दिसतंय, आणि त्याच्या खाली, हिरडीच्या अंगाला, मुगाच्या डाळीएवढी काळी सावली. डॉक्टर म्हणाले, खाली पुन्हा कीड लागली आहे, बहुतेक रूट कॅनाल. मी विचारलं, वरून सिमेंट असताना आत कीड शिरली कुठून? तर म्हणाले, "होतं असं कधी कधी." हे काय उत्तर झालं का!

घरी येऊन विचार करून राहिले आहे. भिंतीच्या रंगात बुरशी मारणारं औषध घालतात, लाकडाला वाळवी लागू नये म्हणून लावतात, मग दाताच्या सिमेंटमध्येच जंतू मारणारं काही कालवून का देत नाहीत? एक पुरत नसेल तर दोन-तीन एकत्र? क्षयाला नाही का चार-चार गोळ्या देत? इथे कोणी दंतवैद्य, रसायनवाले असतील तर सांगा. मुक्काम लोकमान्य नगर, इंदूर. दाढ दुखत नाही, फक्त थंड पाण्याने झणझणते.

खडूस | सोमवार, रात्री ११:३४

आयडी गराडूप्रेमी, म्हणजे तळलेल्या कंदाची भक्त, आणि तक्रार दातांची. मौज आहे. रात्री अकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत जिलबी, रबडी, मालपुवा चेपायचा आणि दोष सिमेंटला द्यायचा. शहर स्वच्छतेत अनेकदा देशात पहिलं आलं, तोंडांचं सर्वेक्षण झालं तर बघू.

होळकरशाही | मंगळवार, सकाळी ६:०५

खडूसराव, सकाळी सकाळी नका हो. ताई, माझं वय ७४. माझ्या उजव्या दाढेत चांदी आहे, १९८४ सालची. राजवाड्याच्या मागे एक डॉक्टर बसत. मला अजून आठवतं, छोट्या काचेच्या खलात त्यांनी भुकटी आणि पारा घोटला, मग तो गोळा मलमलच्या तुकड्यात गुंडाळून चिमटीने पिळला. जास्तीच्या पाऱ्याचा थेंब टपकन ताटलीत पडून पळाला. उरलेलं लोण्यासारखं मऊ, ते दाढेत ठासलं. आज चाळीसच्या वर वर्षं झाली, काळी पडली आहे पण हललेली नाही. नात म्हणते, आजोबा, दिसायला घाण दिसतं. दिसू दे. तुमच्या पांढऱ्या सिमेंटला तीन वर्षांत वाळवी लागते, त्याचं काय?

दाढवाला | मंगळवार, दुपारी २:१५

गराडूप्रेमी, मी इंदुरातच दात बघतो, आता जेवणाची सुट्टी आहे म्हणून सविस्तर लिहितो. तुमचा एक्स-रे न पाहता रूट कॅनाल लागेल की नाही हे मी सांगणार नाही. पण दोरा एकाच जागी फाटतो, म्हणजे तिथे सिमेंटची कड बाहेर आलेली आहे किंवा दात आणि सिमेंटमध्ये फट आहे. ही खूण चांगली पकडलीत. बहुतेक लोक दोरा घालणंच सोडून देतात.

याला आम्ही दुय्यम कीड म्हणतो. भरलेले दात पुन्हा उकरावे लागतात त्याच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. ती बहुतेक वेळा चावण्याच्या पृष्ठभागावर होत नाही. दोन दातांच्या मध्ये, हिरडीजवळच्या कडेला होते. तिथे ब्रश पोचत नाही, भरताना थुंकी आणि रक्त आड येतं, आणि सिमेंट घट्ट करणारा निळा लाइटही तिथे सर्वात लांबून पडतो. एक लक्षात ठेवा, कड तपकिरी दिसली म्हणजे कीड असतेच असं नाही. नुसत्या डागावरून दात उकरणारे आहेत, त्यांच्यापासून सांभाळा. तुमच्या बाबतीत एक्स-रेत सावली आहे, म्हणजे नुसता डाग नसावा. ती नवी लागलेली की तीन वर्षांपूर्वी आत राहून गेलेली, हे आज कुणीच सांगू शकत नाही.

होळकरशाही काका, तुमचा मुद्दा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. लिस्बनमधल्या मुलांवर एक मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये छापून आली. १७४८ भरलेले दात, सात वर्षं पाठपुरावा. चांदीची ९४.४ टक्के शाबूत, दाताच्या रंगाच्या कॉम्पोझिटची ८५.५ टक्के. दुय्यम किडीचा धोका कॉम्पोझिटमध्ये साडेतीन पट. चांदीतला साधारण निम्मा भाग पारा, बाकी चांदी, कथील, तांबं. ती कडेला हळूहळू गंजते आणि तो गंजच फट बुजवतो. शिवाय चांदी-तांब्याचे आयन जंतूंना रुचत नाहीत. तुमच्या डॉक्टरांनी न सांगता औषधी भरण केलं होतं म्हणा ना.

पण ती जाणार. पाऱ्यावरचा मिनामाता करार २०१७ पासून लागू आहे, भारत २०१८ मध्ये त्यात आला, युरोपीय संघाने जानेवारी २०२५ पासून चांदी भरणं जवळजवळ बंद केलं. म्हणजे जे जास्त टिकायचं ते चाललं, आणि जे राहिलं त्याच्याखाली कीड लवकर लागते. ताईंचा प्रश्न म्हणून आज सगळे संशोधकही विचारतायत. पेशंट आला, संध्याकाळी पुढचं.

मोनोमर | मंगळवार, सायंकाळी ७:४०

फट का पडते ते मी सांगतो, माझं आयुष्य पीथमपूरला कोटिंगच्या रेझिनमध्ये गेलं. दाताचं कॉम्पोझिट त्याच घराण्यातलं आहे, मेथाक्रिलेट. अमेरिकेत राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन बनवलं, १९६२ चं पेटंट. त्यात काचेची पूड. लाइट मारला की सुटे रेणू हात धरून साखळी करतात. लांब लांब उभ्या बायका फेरासाठी हात धरतात तेव्हा वर्तुळ आवळतं, तसं हे आकारमानाने दोन-तीन टक्के आकसतं. आता चारी बाजूंनी भिंतीला चिकटलेला माल आकसला तर कुठून तरी सुटणारच. जिथे पकड सर्वात कच्ची तिथून सुटतो. म्हणून चांगले डॉक्टर पातळ थर देत देत भरतात.

दुसरी गोष्ट, या साखळीत एस्टरचे सांधे आहेत, आणि थुंकीतली व जंतूंची विकरं ते सांधे हळूहळू कापतात.

ताईंनी रंगातल्या औषधाचं उदाहरण दिलंय ते चपखल आहे, पण त्यातच गोम आहे. रंगात औषध नुसतं कालवलं तर ते पावसात धुपून जातं. सिमेंटमध्ये नुसतं मिसळलेलं औषधही तसंच पाझरतं. पहिल्या काही दिवसांत भरपूर, मग संपलं. आणि जिथून गेलं तिथे भोकं राहतात. मिठाच्या खड्यांसकट वीट भाजली आणि नंतर मीठ विरघळून गेलं, तर कशी होईल वीट?

यावर उपाय म्हणजे औषध साखळीतच ओवायचं. रेणूच्या एका टोकाला मेथाक्रिलेट, म्हणजे तो लाइट मारल्यावर इतरांचा हात धरतो, दुसऱ्या टोकाला जंतुनाशक भाग. हे काम जपानमध्ये ओसाका विद्यापीठात सातोशी इमाझातो यांनी १९९० च्या दशकात केलं, रेणूचं नाव एमडीपीबी. तो असलेलं बाँडिंग, म्हणजे दाताला सिमेंट चिकटवणारा पातळ थर, बाजारातही आलं.

खडूस | मंगळवार, रात्री ८:०२

म्हणजे तीस वर्षांपूर्वीच प्रश्न सुटला. मग ताईंच्या दाढेत मुगाची डाळ कुठून आली?

मोनोमर | मंगळवार, रात्री ८:१०

कारण ओवलेलं औषध जागचं हलत नाही, खडूसराव. जो जंतू येऊन त्यालाच टेकेल तोच मरेल. अर्धा मिलिमीटर पलीकडचा मजेत.

विश्वामित्री | मंगळवार, रात्री ९:२५

बडोद्याहून. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, दाताचं काही कळत नाही, पण "दोन औषधं एकत्र" हा माझा प्रांत आहे.

दोन औषधं एकत्र दिली की परिणाम वाढतोच ही समजूत चुकीची. प्रयोगशाळेत आम्ही ते मोजतो. ९६ खळग्यांची प्लॅस्टिकची ताटली घ्यायची, साधारण पोस्टकार्डाएवढी. आडव्या दिशेला पहिलं औषध दर खळग्यात निम्मं-निम्मं करत जायचं, उभ्या दिशेला दुसरं. बुद्धिबळाचा पटच. सगळीकडे जंतू टाकून रात्रभर उबेत ठेवायचं. सकाळी जो खळगा गढूळ तिथे जंतू वाढले, जो नितळ तिथे हरले. समजा पहिलं औषध एकटं ८ मात्रेला काम करतं आणि जोडीत २ ला, तर पाव झालं. दुसरं एकटं ४ ला, जोडीत १ ला, तेही पाव. बेरीज ०.५. बेरीज ०.५ किंवा कमी असेल तरच खरी साथ. ४ च्या वर गेली तर दोघं एकमेकांचे पाय ओढतायत. मधल्या सगळ्याला आम्ही "असले काय, नसले काय" म्हणतो, आणि निम्म्याहून जास्त जोड्या माझ्या हाताखाली तिथेच येऊन पडतात.

आणि ताटलीतला जंतू पाण्यात सुटा तरंगत असतो. दातावरचा जंतू स्वतः बनवलेल्या चिकट लगद्यात घर करून असतो. किडीचा मुख्य आरोपी, स्ट्रेप्टोकोकस म्युटन्स, लंडनमध्ये क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडक्या दातातून वेगळा केला. तो साखरेपासूनच हा गोंद बनवतो. गोंदात बसलेल्या जंतूला मारायला सुट्यापेक्षा कधी कधी शेकडो पट औषध लागतं. त्यामुळे ताटलीतल्या निकालावर टाळ्या पिटू नयेत.

ताई, क्षयाचं उदाहरण चांगलं आहे, पण तिथे चार औषधं मुख्यतः एका औषधाला न जुमानणारे जंतू उरू नयेत म्हणून देतात. दातात आणखी एक कारण असावं. दाढवाला सांगतील.

काकू_नंबर_वन | मंगळवार, रात्री १०:१०

एवढं सगळं वाचून मला दाढ दुखल्यासारखी वाटायला लागली. आमच्या आईचा उपाय, लवंगेच्या तेलाचा बोळा. सिमेंटखाली लवंगेचं तेल सोडायचं की झालं. जपानला कशाला जायचं?

दाढवाला | बुधवार, रात्री १२:०५

काकू, तुमच्या आईंचा उपाय आम्ही कॉलेजात शिकलोय. लवंगेतलं युजेनॉल आणि झिंक ऑक्साइड यांचं सिमेंट फार जुनं, आजही तात्पुरतं भरायला वापरतो. दवाखान्यात शिरल्यावर जो वास येतो तो त्याचाच. जंतूंनाही दाबतं, कळही शमवतं. पण युजेनॉल कॉम्पोझिटला घट्ट होऊ देत नाही. मोनोमर यांच्या फेरातल्या बायकांचे हात तेच सोडवतं. म्हणजे लवंग आणि कॉम्पोझिट ही जोडी विश्वामित्री ताईंच्या ४ च्या वरच्या खात्यात.

आता मूळ प्रश्न. दातात एकाहून अधिक औषधं का लागतात? कारण फटीत घडणाऱ्या गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि एकाच औषधाला त्या सगळ्या जमत नाहीत.

दात घासून चूळ भरली की काही मिनिटांत थुंकीतल्या प्रथिनांचा पातळ थर दातावर आणि सिमेंटवर बसतो. जंतू त्या थरावर येऊन बसतात. आता साखळीत ओवलेलं औषध त्या थराखाली झाकलं गेलं. तलवार म्यानात. म्हणून त्याच्या जोडीला प्रथिनं चिकटूच न देणारा रेणू घालतात, एमपीसी. तो एकटा जंतू मारत नाही, पण मारणाऱ्याला उघडं ठेवतो. ही जोडी मला सगळ्यात पटते, कारण दोघांची कामं वेगळी आहेत.

मारणारा म्हणजे एमडीपीबीच्याच कुळातला, डीएमएएचडीएम. त्याच्यावर धन भार, जंतूच्या आवरणावर ऋण. ओढला गेला की लांब शेपटी आवरणात घुसते आणि जंतू फुटतो. गंमत बघा, शेपटीत कार्बन वाढवत नेले तसा मारा वाढत जातो, १६ ला सर्वात जास्त, १८ ला पुन्हा कमी.

तिसरा गडी चांदी, पण होळकरशाही काकांसारखी ठासलेली नव्हे, नॅनो कणांची, वजनाने ०.१ टक्क्याच्या आसपास. तिचे आयन सुटून थोडं लांबवर जातात. जो टेकला नाही त्याच्यासाठी. जास्त घातली तर सिमेंट काळवंडतं आणि लाइट आत शिरत नाही.

चौथा मारणारा नाहीच. कॅल्शियम फॉस्फेटचे नॅनो कण. गोड खाल्लं की काही मिनिटांत दातावरच्या थराची आम्लता वाढते, पीएच साडेपाचच्या खाली गेला की दाताचं वरचं आवरण विरघळायला लागतं. आतला मऊ दात, म्हणजे डेंटिन, तर सहाच्या वरच विरघळू लागतो, आणि ताईंची हिरडीजवळची कड बहुधा तिथेच आहे. हे कण आम्ल वाढलं की जास्त विरघळतात आणि कॅल्शियम-फॉस्फेट सोडतात. चोरी झाली तेवढा माल पुन्हा भरून देतात.

हे तिन्ही-चारही एकत्र करून बघण्याचं बरंच काम अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठात हॉकिन झू यांच्या गटाने केलंय. प्रयोगशाळेतल्या थरांवर एकत्र मिश्रणाने सुट्या औषधांपेक्षा जास्त परिणाम दाखवला.

काकू_नंबर_वन | बुधवार, सकाळी ७:३०

म्हणजे तो एमपीसी अळूच्या पानासारखा? काही चिकटतच नाही?

मोनोमर | बुधवार, सकाळी ८:१५

उलट, काकू. अळूचं पान पाण्याला झिडकारतं. एमपीसी पाण्याला इतकं घट्ट धरून बसतो की प्रथिनांना टेकायला जागाच मिळत नाही. सणाच्या दिवशी पंगतीत सगळे पाट भरलेले, उशिरा आलेला उभाच राहतो, तसं. पण हाच गुण अंगाशीही येतो. पाणी धरणारं प्लॅस्टिक मऊ पडतं. म्हणून एमपीसी तीन टक्क्यांच्या आसपासच ठेवतात, त्याच्या पुढे गेलं की ताकद उतरते. मसाला किती घालायचा याचा खेळ आहे सगळा. चारही मसाले चिमूट-चिमूट वाढवले तर शेवटी डाळ राहत नाही, नुसता मसाला राहतो. दाढेवर चावताना किती जोर येतो ते सिमेंटला विचारा.

खडूस | बुधवार, सकाळी ९:००

सगळं ठीक. ताईंनी उद्या दुकानात जाऊन हे चार मसाल्यांचं सिमेंट मागितलं तर मिळेल का? हो की नाही?

दाढवाला | बुधवार, दुपारी २:३०

नाही. चौघे एकत्र असलेलं बहुतेक काम प्रयोगशाळेत आहे. तोंडात वर्षानुवर्षं काय होतं हे ताटलीत कळत नाही, आणि ९६ खळग्यांत कोणी रात्री रबडी खात नाही.

आज हाताशी काय आहे ते सांगतो. एमडीपीबीचं बाँडिंग आहे. ग्लास आयनोमर सिमेंट आहे, विल्सन आणि केंट या इंग्लंडच्या दोघांनी १९७२ मध्ये जगासमोर आणलेलं. ते फ्लोराइड सोडतं, सुरुवातीला जोरात, मग मंद. टूथपेस्टमधून पुन्हा थोडं शोषूनही घेतं. दाताला रासायनिक चिकटतं, कॉम्पोझिटसारखं आकसून भिंत सोडत नाही. ताकद मात्र कमी. मग सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड आहे, ३८ टक्क्यांचं. एका थेंबात चांदी मारायला आणि फ्लोराइड दुरुस्तीला, फ्लोराइड साधारण ४४,८०० पीपीएम. ही खरी दोन औषधांची जोडी, जपानमध्ये १९७० च्या सुमारापासून वापरात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ग्लास आयनोमरसह हेही आवश्यक औषधांच्या यादीत घातलं. लहान मुलांच्या दातांत मी कीड थोडी काढून हे लावतो, वर ग्लास आयनोमर भरतो. दोष एकच, किडकी जागा कायमची काळी होते. आधी आईला आरशात दाखवून मगच लावतो, नाहीतर दुसऱ्या दिवशी आजी येते भांडायला.

गूजरी_महल | बुधवार, सायंकाळी ५:४५

ग्वाल्हेरहून. माझ्या भाचीला तीन अँटिबायोटिकची पेस्ट भरली होती दातात, समोरचा दात आता करडा दिसतो. एकत्र करण्याचं कौतुक जरा जपून.

दाढवाला | बुधवार, रात्री १०:५०

तुमचं बरोबर आहे. मेट्रोनिडाझोल, सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मिनोसायक्लिन. जपानच्या निइगातामधून आलेली कल्पना. आतल्या नसेच्या पोकळीत वेगवेगळ्या जातीचे जंतू असतात, म्हणून तिघं. करडा रंग मिनोसायक्लिनचा, म्हणून पुढच्या दातात बरेच जण ते गाळून दोनच वापरतात. हे नसेच्या पोकळीसाठी आहे, ताईंच्या कडेसाठी नाही.

आणखी दोन वाईट जोड्या. क्लोरहेक्सिडिन आणि सोडियम हायपोक्लोराइट, दोन्ही जंतुनाशक, रूट कॅनाल धुताना दोन्ही लागतात, पण एकावर लगेच दुसरं गेलं तर तपकिरी गाळ बसतो. मध्ये धुवावं लागतं. आणि घरची जोडी, बहुतेकजण हीच करतात. क्लोरहेक्सिडिनची चूळ आणि टूथपेस्ट. पेस्टला फेस आणणारं सोडियम लॉरिल सल्फेट क्लोरहेक्सिडिनला पकडून निकामी करतं. ब्रश केल्यावर निदान अर्धा तास थांबून चूळ भरा. ती चूळ महिनोन्‌महिने चालू ठेवायची नसते, दात तपकिरी होतात आणि चव बिघडते.

क्लोरहेक्सिडिनचा आणखी एक उपयोग आहे. बाँडिंगआधी दातावर दोन टक्क्यांचं लावलं तर दातातलीच जी विकरं पकडीचे धागे कापतात, ती थंड पडतात. प्रयोगशाळेत पकड जास्त टिकते. पेशंटवर बघितलं तर फारसा फरक दिसत नाही. मी लावतो का? लावतो. अर्ध्या मिनिटाचं काम आहे. पण पेशंटला त्याचं कौतुक सांगून पैसे घेत नाही.

काकू_नंबर_वन | गुरुवार, सकाळी ७:१०

फ्लोराइड फ्लोराइड काय लावलंय? आमच्या ह्यांची बदली झाबुआला होती, तिथे फ्लोराइडनेच लोकांचे दात पिवळे-तपकिरी झालेले आम्ही पाहिलेत. ते दातात भरायचं?

विश्वामित्री | गुरुवार, सकाळी ९:४०

काकू, झाबुआ-धारचं खरं आहे. तिथे बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त. पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅम ठीक, दुसरा स्रोत नसेल तर दीडपर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. त्याच्या वरचं पाणी लहानपणी वर्षानुवर्षं प्यालं की दात घडतानाच बिघडतात. घडून बाहेर आलेल्या मोठ्या माणसाच्या दाताला सिमेंटमधून सुटणाऱ्या कणाने ते होत नाही. जागा, वय आणि मात्रा वेगळी. इंदूरला बहुतांश नर्मदेचं पाणी आहे ना?

काकू_नंबर_वन | गुरुवार, सकाळी ९:५५

आहे. एक दिवसाआड.

गराडूप्रेमी | रविवार, रात्री ९:३०

मंडळी, अपडेट. दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले, एक्स-रे आणि तुमचे प्रतिसाद दोन्ही फोनमध्ये घेऊन. त्यांनी जुनं सिमेंट काढलं. मी आरसा मागितला. खालची जागा ओल्या गुळासारखी तपकिरी, मऊ. कडेची कीड त्यांनी टणक दात लागेपर्यंत साफ केली, पण नसेच्या अगदी वर थोडी मुद्दाम ठेवली. मी घाबरले. म्हणाले, ती काढायला गेलो तर नस उघडी पडेल आणि मग रूट कॅनाल नक्की. वरून नीट बंद केलं की आतल्या जंतूंना साखर मिळत नाही. हे सगळ्या औषधांपेक्षा मोठं औषध, असंही म्हणाले.

मग मी विचारलं, चांदीचं ते काळं औषध? म्हणाले, तुमच्या या दाढेत नको, वर कॉम्पोझिट देणार आहे, काळं झिरपून दिसेल. हिरडीच्या अंगाला ग्लास आयनोमर, वरच्या निम्म्यात कॉम्पोझिट. याला ते सँडविच म्हणतात. रबराचा पडदा लावून पंचावन्न मिनिटं तोंड उघडं, जबडा अजून दुखतोय. थर किती दिले ते मोजले, चार. मोनोमर, प्रत्येक निळ्या लाइटला तुमच्या फेरातल्या बायका आठवत होत्या, आणि तोंड उघडं असताना हसता येत नाही.

रूट कॅनाल सध्या टळलंय. सहा महिन्यांनी एक्स-रे. थंडाने अजून झणझणतं, पण आधीसारखं रेंगाळत नाही.

दाढवाला | रविवार, रात्री ११:१५

बेत चांगला आहे. झणझणणं रेंगाळत नाही ही चांगली खूण. आपोआप दुखायला लागलं किंवा रात्री झोपेतून उठवलं तर सहा महिने थांबू नका.

होळकरशाही | सोमवार, सकाळी ६:१०

ताई, बरं झालं. खडूसरावांच्या सर्वेक्षणात एक दात वाचला. माझ्या चांदीकडे दाढवाला एकदा बघतील का? नात मागे लागली आहे, काढून पांढरं भरा म्हणून.

दाढवाला | सोमवार, दुपारी २:०५

काका, दाखवायला या. पण कड बंद असेल, खाली सावली नसेल तर मी तिला हात लावणार नाही, आणि नातीला ते मीच सांगेन.

गराडूप्रेमी | सोमवार, रात्री १०:४०

आज पहिल्यांदा दोरा घातला. दोन दाढांच्या मध्ये टक् करून आत गेला, सरळ बाहेर आला. एकही तंतू फाटलेला नाही. दोन वेळा करून बघितलं.

खडूस | सोमवार, रात्री १०:५२

आणि गराडू?

गराडूप्रेमी | सोमवार, रात्री १०:५५

उजव्या बाजूने.